राहीबाईचं रक्त का टिकत नाही

१४ जानेवारी, मंगळवार
आज संक्रांत. सुट्टी नाही. सणाच्या दिवशीही केडगावचं आमचं डायलिसिस सेंटर उघडंच असतं आणि मीही. दुसरा तंत्रज्ञ पुण्याला नोकरी लागून गेला, त्याच्या जागी ट्रस्टला अजून माणूस सापडत नाही. सहा यंत्रं आणि मी एकटी. सकाळी पहिलं काम काय, तर पेशंटांच्या खिशातून त्यांना वर्ज्य असलेला तिळगूळ काढून घेणं. काकासाहेब साखर कारखान्यातून रिटायर झालेत, त्यांनी तर मोज्यात लपवला होता. "अरफा, गोड बोल, नुसती वसुली करू नकोस," म्हणाले. तिळगूळ दिला नाही.

एक चांगली बातमी आहे, म्हणून आज लिहायला बसले. राहीबाईचं आणि तिच्या नवऱ्याचं पुण्यात जुळलं. सहादेवभाऊंची एक किडनी तिला बसू शकते. एप्रिलमध्ये पुन्हा एकदा तपासतील आणि तेव्हाही जुळलं तर लगेच ऑपरेशन. राहीबाई चासच्या पुढून येते, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, चार वर्षं झाली. या खोलीतून पुण्याला ऑपरेशनला गेलेले पेशंट मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतात.

आमच्या डॉक्टर ज्योती मॅडमनी मला बाजूला घेऊन बजावलं. तोपर्यंत राहीबाईला रक्ताची पिशवी चढवायची वेळ येऊ द्यायची नाही. परक्याचं रक्त अंगात गेलं की शरीर परकं ओळखायला शिकतं, मग किडनीलाही हाकलून देतं. त्यात बाळंतपण झालेल्या बाईला नवऱ्याची किडनी आधीच अवघड. म्हणजे राहीबाईचं आहे ते रक्त जपायचं, आणि ते जपायचं मी.

१७ जानेवारी
राहीबाईला सगळं समजावलं. मी तशी समजावण्यात वाईट नाही. म्हटलं, रक्तातल्या लाल पेशी टोमॅटोसारख्या नाजूक. अंगातून नळीत, नळीतून पंपात, पंपातून जाळीत आणि परत अंगात असा त्यांचा दर वेळचा प्रवास. पंप फार जोरात फिरला, सुई बारीक असली, नळी कुठे मुडपली, तर त्या फुटतात. फुटल्या की रक्त कमी होतं, रक्त कमी झालं की पिशवी लागते, आणि पिशवी लागली की किडनी जुळत नाही.

"म्हंजी नळी मुडपली तरी फुटत्यात?" तिने विचारलं.

"हो. म्हणून हात हलवायचा नाही."

तिने मान हलवली. मग थोड्या वेळाने, "किडनी दिल्यावर ह्येनला किती दिस जड उचलायचं न्हाई?"

"तीन महिने. मग पुढचं डॉक्टर सांगतील."

"जड म्हंजी केवढं?"

"पाण्याची घागर धरा."

"आमची ज्ञानेश्वरी घागरीपरीस लई जड हाय," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. ज्ञानेश्वरी त्यांची मुलगी. सतरा वर्षांची आहे, जन्मापासून पायात जोर नाही, बोलणंही फारसं नाही. तिला अंघोळीला, संडासला, अंगणात उन्हाला सहादेवभाऊच उचलून नेतात. तेवढ्यात तिकडे काकासाहेबांचं यंत्र ओरडायला लागलं आणि मी पळाले.

२८ जानेवारी
यंत्रांच्या ओरडण्याने डोकं उठलं आहे. कुणी हात हलवला की टूं टूं, कुणी खोकला की टूं टूं. नळीतला दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की यंत्राने ओरडायचं, हे बरोबर आहे. पण सहा यंत्रं आणि दोन पाय, पळून पळून किती पळणार. काकासाहेब मोबाईलवर हरिपाठ लावून पडलेले असतात. "तुझ्या कोंबड्या आधी गप्प कर, मग मला देव ऐकू येईल," म्हणाले. शेवटी सगळ्या यंत्रांवर दाबाच्या मर्यादा थोड्या सैल केल्या. सगळीकडे करतात. खोलीत इतकी शांतता झाली की दोघेजण चक्क घोरायला लागले.

राहीबाईला यंत्रावर हुडहुडी भरते. आमची ब्लँकेटं म्हणजे नावाला. सहादेवभाऊंनी आज घरची गोधडी आणली, चांगली जाडजूड. सुई टोचलेला हात उघडा ठेवायचा नियम आहे, पण तिचे दात वाजत होते. मी घालू दिली.

७ फेब्रुवारी
राहीबाईचं हिमोग्लोबिन उतरलं. फार नाही, पण उतरलं. रक्त वाढवायची इंजेक्शनं चालू आहेत, लोहाची बाटलीही झाली. मॅडम म्हणाल्या, बघू. मला ते 'बघू' आवडलं नाही.

सुई एक नंबर जाड घेतली. टोचताना तिने डोळे मिटले, तोंडातून आवाज नाही. पंपही थोडा हळू केला. वेळ वाढला, त्यामुळे शेवटची गाडी चुकली आणि ती दोघं पुणे रोडवर कांद्याच्या टेम्पोला हात करत उभी होती. मी स्कूटीवरून जाताना पाहिलं. थांबले नाही. थांबून तरी काय करणार होते.

१८ फेब्रुवारी


चौथा तास सुरू होता. राहीबाई म्हणाली, पाठीत लई दुखतंय, छातीवर कुनीतरी बसल्यावानी होतंय. नळीकडे पाहिलं. रक्त नेहमी गडद असतं, नळीतून पलीकडचं दिसत नाही. आज ते डाळिंबाच्या सरबतासारखं झालं होतं, आरपार. इतक्या वर्षांत असं एकदाच पाहिलं होतं, शिकत असताना.

पंप बंद केला, नळ्या चिमट्यांनी बंद केल्या. असं फुटलेलं रक्त परत अंगात सोडता येत नाही, माणूस जागच्या जागी जातो. त्यामुळे नळीतलं आणि जाळीतलं सगळं रक्त टाकून द्यावं लागलं. ज्या बाईचं रक्त जपायचं म्हणून मी महिनाभर जिवाचं रान केलं, तिचं रक्त मीच कचऱ्याच्या लाल पिशवीत फेकलं. मॅडम शहरातून धावत आल्या. राहीबाई वाचली. पण रात्र व्हायच्या आत रक्त चढवावं लागलं. गाळणी लावून चढवलं, धोका थोडा कमी होतो.

शुद्धीवर नीट आल्यावर तिने पहिलं विचारलं, "पिशवी लावली का?"

"लावावी लागली. पण घाबरू नका, एका पिशवीने लगेच सगळं बिघडत नाही."

"मग किती पिशव्यांनी बिघडतंय?"

बिचारी. ऑपरेशन हुकेल या भीतीने तिचा जीव अर्धा झालाय. मी म्हटलं, दुसरी लागूच देणार नाही.

२१ फेब्रुवारी
दोन दिवस यंत्राच्या मागे लागले आहे. नळ्यांचा नवीन माल आला होता, तो बाजूला काढून जुन्यातल्या वापरल्या. पंपाचे रोलर कंपनीच्या माणसाकडून तपासून घेतले, ठीक निघाले. पाण्यातलं क्लोरिन तपासलं, ठीक. ते यंत्र दुसऱ्या पेशंटला लावलं, त्याला काही झालं नाही. राहीबाईला खिडकीजवळच्या यंत्रावर घेतलं. तिनेच कोपऱ्यातलं मागितलं होतं, पण तिथला पलंग तुटका आहे.

सहादेवभाऊ दिवसभर बाहेरच्या बाकड्यावर बसून होते. तंबाखू सोडली म्हणाले. "माज्याकडनं जायाची ती वस्तू तरी चांगली जाऊ द्या." हातात शेंगदाणे घेऊन एकेक चघळत होते. मला का कोण जाणे, त्यांच्याकडे फार वेळ बघवलं नाही.

४ मार्च
रोजे सुरू झाले. तहान लागते त्यापेक्षा झोप जास्त येते. अम्मी म्हणते, आजारी माणसांची सेवा आहे, रोजे सोडलेस तरी चालतील. सोडावेसे वाटतात, पण सोडवत नाहीत.

शेजारीण माहेरी गेली म्हणून आज ज्ञानेश्वरीलाही आणलं होतं. सहादेवभाऊंनी तिला गाडीतून काढून खांद्यावर टाकून आत आणलं, खुर्चीत बसवलं, मान सरळ केली, लाळ पुसली. दुपारी तिला बाथरूमला नेलं. परत येताना त्यांना धाप लागली होती. राहीबाई यंत्रावरून सगळं बघत होती. मी तिला म्हटलं, एप्रिलनंतर तुम्ही पण उचलाल हिला. ती म्हणाली, "माज्यानं न्हाई उचलायची ती. माज्यानं कवाच उचलली न्हाई." मी म्हटलं, तब्येत सुधारली की अंगात बळ येतं. ती ज्ञानेश्वरीकडेच बघत राहिली.

हिमोग्लोबिन पुन्हा उतरलंय.

११ मार्च
दुसरी पिशवी. यावेळी छातीत दुखलं वगैरे नाही, पण लघवी काळपट झाली म्हणाली आणि तपासणीत रक्त एवढं उतरलेलं की मॅडमपुढे इलाज राहिला नाही. चाळणीत पाणी ओतावं आणि खालून गळून जावं, तसं चाललंय. मॅडम मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मलाही दोन शब्द बोलून मोकळं होता आलं असतं.

मी थकले आहे. हे इथे लिहायला हरकत नाही. पाय सुजतात, घरी गेल्यावर अम्मीशी बोलायला तोंड उघडत नाही. कधीकधी वाटतं, एखाद्या कापडाच्या दुकानात नोकरी केली असती तर बरं झालं असतं. साडीचा रंग गेला तर कुणी मरत नाही.

१८ मार्च
सापडलं.

आज ठरवून एकाच आकड्याकडे बघत राहिले, रक्त ओढून घेणाऱ्या नळीतला दाब. मी तिच्या पलंगाजवळ असले की आकडा शहाण्यासारखा जागेवर. काकासाहेबांकडे गेले की आकडा पार खाली. परत आले की पुन्हा नीट. तीनदा असं झालं. चौथ्यांदा मी गेल्यासारखं केलं आणि मागून येऊन गोधडी उचलली.

तिचा मोकळा हात नळीवर होता. नळी दोन बोटांत मुडपून घट्ट धरली होती.

मी तिची बोटं सोडवून नळी सरळ केली. तिने हात पोटाशी घेतला. मग म्हणाली, "ताई, शेतात ठिबकाची नळी मुडपली की पानी कमी जातंय. म्हटलं, रगत बी कमी जाईल भाईर. तुमीच सांगितलं ना, रगत जपायचं."

मी तिथेच स्टुलावर बसले. हसावं की रडावं कळेना. चार वर्षं ही बाई या पलंगावर पडते आणि अजून तिला वाटतं की रक्त बाहेर वाया जातं. टोमॅटोचं उदाहरण, नळी मुडपली तर काय होतं, सगळं मी तिला सांगितलं होतं, तिने मान हलवली होती, आणि तिला काहीही कळलं नव्हतं. चूक तिची नाही. आम्ही घाईघाईत तोंडातून शब्द टाकतो आणि समोरच्याने झेलले असं धरून चालतो. त्यात यंत्राने ओरडून सांगायला हवं होतं, त्याच्या मर्यादा मी सैल केलेल्या. गोधडीही मीच घालू दिलेली.

सगळ्या मर्यादा परत घट्ट केल्या. मॅडमना फोन करून जे होतं ते सांगितलं, माझ्याबद्दलचंही. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "निदान कारण तरी मिळालं. अजून महिना हातात आहे."

राहीबाईने माझा हात धरला होता. "ह्येनला सांगू नका. तोंड करत्याल." नाही सांगणार म्हटलं. अडाणीपणावरून नवऱ्याची बोलणी कशाला खायला लावायची.

२५ मार्च
हिमोग्लोबिन जागेवर. उतरलं नाही. खोलीत पुन्हा टूं टूं चालू झालंय आणि काकासाहेब माझ्याशी बोलत नाहीत. चालेल.

राहीबाईचा हात आता उघडा असतो, मी खुर्ची ओढून तिच्यासमोरच बसते. ती मात्र हिरमुसली आहे. जेवत नाही, असं सहादेवभाऊ म्हणाले. मी म्हटलं, ऑपरेशन जवळ आलं की असं होतं.

१ एप्रिल
काल ईद झाली. अम्मीने शीरखुर्म्याचा डबा भरून दिला, सेंटरवर वाटायला. पेशंटांना एकेक चमचा, जास्त नाही. सहादेवभाऊंनी वाटी चाटूनपुसून खाल्ली. पुढच्या आठवड्यात पुण्याला दोघांचं रक्त द्यायला जायचं आहे, म्हणून त्यांनी नवा शर्ट शिवलाय. रक्त द्यायला नवा शर्ट कशाला, असं मी विचारलं. "इतक्या मोठ्या दवाखान्यात जायाचं, आन देनारा मानूस हाय मी," म्हणाले.

राहीबाईने चमचाभर खाल्लं आणि विचारलं, "पिशव्या दोनच झाल्या ना आपल्या?"

"दोनच. आणि आता लागणार नाही."

तिने चमचा वाटीत ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

११ एप्रिल
जुळलं नाही.

सकाळी मॅडमना पुण्याहून फोन आला. राहीबाईच्या रक्तात सहादेवभाऊंच्या विरोधात द्रव्यं तयार झाली आहेत, जानेवारीत नव्हती ती. ऑपरेशन रद्द. मॅडमनी स्वतः येऊन दोघांना सांगितलं, पलंगाजवळ उभं राहून, नीट, सावकाश.

सहादेवभाऊ खाली बसले. पलंगाच्या पायाला पाठ टेकून, फरशीवरच. "माजंच काय तरी वंगाळ आसंल," म्हणाले. "तीस वरसं तंबाखू खाल्ली. उशिरा सोडली मी." नव्या शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मॅडम त्यांना समजावत होत्या, ते ऐकत नव्हते. शेवटी मॅडमच त्यांना चहाला घेऊन गेल्या.

मी राहीबाईकडे पाहिलं. या खोलीत वाईट बातम्या मी पुष्कळ दिल्या आहेत, त्या ऐकल्यावर माणसांचे चेहरे कसे होतात ते मला पाठ आहे. हा तसा नव्हता. डोक्यावरचा भारा उतरवून बांधाला टेकलेल्या बाईचा असतो तसा होता. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, इतक्या उशिरा.

"राहीबाई, खरं सांगा. ठिबकाची नळी म्हणून मुडपत होता?"

तिने दाराकडे पाहून घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, "शेत करती मी, ताई. पानी कशानं आडतंय आन रगत कशानं फुटतंय, येवढं कळतंय मला. तुमी लई चांगलं सांगितलं हुतं."

"जीव गेला असता तुमचा त्या दिवशी."

"माजा गेला तर पोरगी जगंल. ह्येंच्या पोटाला चीर पडली आन उचलायचं बंद झालं, तर तिला हागाय-मुताय कोन नेनार? दीर का भावजय? येक दिस नेत्याल, दोन दिस नेत्याल. न्हाई म्हटलं तर हे ऐकत न्हाईत. किडनी देतो म्हनून साऱ्या गावाला सांगून बसलेत. त्येनला न्हाई म्हनायची दुसरी वाट न्हवती."

मला राग आला. खूप आला. म्हटलं, तीन महिने, राहीबाई, फक्त तीन महिने. त्यानंतर माणसं शेत नांगरतात, पोती उचलतात. तीन महिन्यांसाठी माणूस लावता आला असता, काहीही करता आलं असतं. हे एकदा तरी विचारायचं.

"मी इचारलं हुतं, ताई," ती म्हणाली.

इतकंच म्हणाली, आणि त्यात तक्रारही नव्हती. मी उभीच राहिले. घागरीवरून ती बोलली तेव्हा मी हसले होते, ते मला आठवलं.

सहादेवभाऊ परत आले. डोळे लाल होते, पण आवाज सावरलेला. थेट माझ्यासमोर आले. "अरफाताई, मॅडम म्हनत्यात तंबाखूनं न्हाई झालं. पिशव्यांनी झालं म्हनत्यात. पर आदी चार वरसं हिला पिशवी लागली न्हाई. मग ह्या बारीलाच कशी लागली?"

राहीबाई माझ्याकडे बघत होती. डोळ्यांनी काही सांगत नव्हती, विनवत नव्हती, नुसती बघत होती.

मी म्हटलं, "भाऊ, नळी मुडपली जात होती, त्याने रक्त फुटत होतं. अशा वेळी यंत्र ओरडतं. त्याचं ओरडणं मीच सैल करून ठेवलं होतं. आणि माझं लक्ष राहिलं नाही."

यात एकही शब्द खोटा नाही. आता लिहितानाही तपासून पाहिला.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी वाट बघत होते की आता हा माणूस ओरडेल, टेबल उलथवेल, चार लोक जमवेल. त्याचा हक्क होता.

"तुमी तरी येकटीनं किती जनांकडं बघनार," ते म्हणाले. "त्यात उपास हुता तुमचा." मग राहीबाईच्या पायांवरचं पांघरूण त्यांनी सारखं केलं. "न्हवतं नशिबात. जाऊ द्या. तुमी मनाला लावून घिऊ नका."

राहीबाईने डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी कानाकडे ओघळत होतं. त्यांना वाटलं, तिला ऑपरेशन हुकल्याचं दुःख झालंय. ते वाकून तिला हळू आवाजात समजावत राहिले, मी आहे ना, मी कुठं जातोय, असं काहीबाही.

वेळ संपल्यावर मी सुया काढल्या, कापूस दाबून धरला. जाताना त्यांनी दारातून वळून विचारलं, मंगळवारी नेहमीच्या टायमालाच आणू ना हिला.

हो म्हटलं. नेहमीच्याच.